बारा मीटर कमी

मित्रांनो, मी एक जुनी फक्कीची गाडी आहे. हसू नका. ज्यांनी मला कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते : चार चाकांची लोखंडी पेटी, वर झाकण, खाली लांबट फट आणि मागे ढकलायला दांडा. पेटीत पांढरी फक्की भरायची आणि मला ढकलत न्यायचं. मी जिथून जाईन तिथे मैदानावर पांढरी रेघ उमटते. तुम्ही शर्यतीत ज्या रेषेवर बोटं टेकवून वाकता, ती माझी असते. त्याबद्दल मला आजवर कुणी टाळी वाजवलेली नाही, आणि माझी तशी अपेक्षाही नाही. पण गेल्या दोन वर्षांत या विद्यापीठानं माझं डोकं जे उठवलं आहे, ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. मला डोकं नाही हे ठाऊक आहे मला. तरी उठलंय.

माझा जन्म विद्यापीठाच्याच वर्कशॉपमध्ये झाला. पाण्याची एक जुनी टाकी फुटली होती. तिच्या पत्र्यातून वेल्डरनं मला बेतलं आणि चाकं कुठल्याशा हातगाडीची लावली. त्यातलं एक चाक दोन बोटं लहान निघालं. त्यामुळे मी चालताना कुईकुई आवाज करते. मैदान सांभाळणारे काका पहिल्या दिवशी मला ढकलत म्हणाले, "ही तर पाऊल टाकायच्या आधीच कुरकुरतेय. चला, तक्रारबाई!" तेव्हापासून माझं नाव तक्रारबाई. नाव काय वाईट नाही. तक्रारी करायला मला जागाही भरपूर मिळाली.

सुरुवातीची वर्षं मात्र सुखाची होती. तेव्हाचे कुलगुरू गणिताचे प्राध्यापक होते. आयुष्यात बससाठीसुद्धा कधी धावले नसतील. पण सकाळी साडेसहाला मैदानावर हजर. आमचे धावण्याचे प्रशिक्षक होते, त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे. या सरांना कुलगुरू म्हणायचे, "तुमच्या कामातलं मला ओ की ठो कळत नाही. काय हवं ते मागा, आणि मी मध्ये लुडबुडलो तर सरळ बाजूला व्हायला सांगा." सरांनी दोनदा सांगितलंही. कुलगुरू झाले बाजूला. राग नाही, लोभ नाही.

सरांचा एक नेम होता. दर सोमवारी रेघा मारायच्या आधी ट्रॅक मोजायचा. आमचा ट्रॅक मातीचा. दोन्ही टोकांची वळणं गोल यावीत म्हणून मैदानात दोन लोखंडी खुंट्या पुरलेल्या होत्या. खुंटीला तार अडकवायची, दुसरं टोक माझ्या दांड्याला बांधायचं आणि तार ताणून मला फिरवायचं, की वळण कसं चोख उमटायचं. मग सर आणि काका पोलादी टेप घेऊन ओणवे व्हायचे. फेरा भरला चारशे मीटर, की सर मला ठेवतात त्या सामानाच्या कोठीच्या दारावर खडूनं बरोबरची खूण करायचे. काका कुरकुरायचे, "अहो सर, खुंट्या काय चालत जाणारेत का?" सर म्हणायचे, "खुंट्या नाही जाणार. माणसं नेतील." काका हसायचे. मीही हसले होते.

मग ते कुलगुरू निवृत्त झाले आणि नवे आले. मी उगाच कुणाला खलनायक करणार नाही. हे साहेब बोलायला गोड, वागायला सभ्य. फक्त त्यांना एका शब्दाचं भारी वेड होतं : भव्य. प्रवेशद्वार भव्य, सभागृह भव्य, आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांच्या मनात आलं की मैदानावर पाहुण्यांसाठी एक भव्य सज्जा हवा. नकाशा तयार झाला. नकाशावर आमचा ट्रॅक म्हणजे एक हिरवी लंबगोल टिकली. सज्जा त्या टिकलीच्या एका टोकावर छान दिसत होता.

सर बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, "सज्ज्याचे खांब वळणावर येतायत. दहा पावलं मागे घ्या, एवढंच." दहा पावलं मागे घेतली तर सज्जा रस्त्यावरून दिसला नसता. मग पुढच्या आठवड्यात सरांची बदली परीक्षा विभागात झाली. बत्तीस वर्षं पोरांना धावायला शिकवलेला माणूस आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजत बसला. त्यांच्या जागी क्रीडा संचालक म्हणून समारंभ विभागातले एक गृहस्थ आले. पाचशे खुर्च्या तासाभरात ओळीत लावण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. स्टॉपवॉच मात्र पहिल्या दिवशी त्यांनी उलटं धरलं होतं. मी स्वतः पाहिलंय.

सज्जा बांधायला इंजिनियर आले आणि काकांना म्हणाले, "ही खुंटी सहा मीटर आत घ्या."

काकांनी विचारलं, "मग ट्रॅक चारशेचा राहील का?"

"ते संचालक बघतील."

काका संचालकांकडे गेले. ते म्हणाले, "कुलगुरूंची मंजुरी आहे, तुम्ही कशाला डोकं लावता?" काका कुलगुरूंच्या कार्यालयात गेले. दाराशीच साहेबांच्या स्वीय सहायकानं सांगितलं, "तांत्रिक बाबी इंजिनियर पाहतात." झालं, फेरा पूर्ण! काकांच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. ते परत आले, पहारीनं खुंटी उपटली, सहा मीटर आत ठोकली आणि मला तार बांधली. दोन्ही बाजू सहा-सहा मीटरनं आखूड झाल्या. चारशेचा फेरा तीनशे अठ्ठ्याऐंशीचा झाला. आणि मित्रांनो, ती खोटी रेघ मारली कुणी? मीच मारली. त्या दिवशी माझं चाक इतकं ओरडत होतं की काकांनी दोनदा तेल घातलं. तेलानं काय होणार होतं, कपाळ?

आता त्या मुलीबद्दल सांगायला हवं. सगळे तिला भिंगरी म्हणायचे. तिच्या बाबांचं इस्त्रीचं दुकान होतं आणि सकाळी कपडे पोचवायला ती सायकल न घेता पळत जायची. तिथेच सरांनी तिला हेरलं होतं. तिची शर्यत आठशे मीटरची, म्हणजे दोन फेरे. तिचं शेवटचं वर्ष चालू होतं. देशभरातल्या धावपटूंचं एक सराव शिबिर असतं. तिथे राहायचं, धावायचं, आणि पुढे जायचं. आठशे मीटर दोन मिनिटं बारा सेकंदांच्या आत धावणाऱ्या मुलीलाच तिथे घेतात. बाबांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "शिबिरात गेलीस तर धाव, मी अडवणार नाही. नाही जमलं तर वर्ष संपल्यावर दुकानात यायचं. माझे हात आता भाजून भाजून थकलेत गं." त्यात बाबांचं काही चूक नव्हतं. म्हणूनच ते जास्त अवघड होतं.

सर गेले तेव्हा भिंगरीची वेळ होती दोन मिनिटं पंधरा सेकंद. नवी खुंटी लागली आणि बाईसाहेब एकदम दोन-अकरा धावल्या! मग दोन-दहा. मग दोन मिनिटं नऊ पूर्णांक सात. विद्यापीठाचा विक्रम मोडला. ती एकटीच नाही, सगळेच उधळले. चारशे, आठशे, पंधराशे, पाच हजार, दहा हजार. वर्षभरात मुलामुलींचे मिळून नऊ विक्रम मोडले! कुलगुरू खूश, संचालक त्याहून खूश. प्रवेशद्वारावर फलक लागला : 'कुलगुरूंच्या प्रेरणादायी नेतृत्वाखाली नऊ विक्रम'. खाली पितळी पट्ट्यांवर नऊ नावं. संचालक भाषणात म्हणाले, "पूर्वीच्या काळी इथे मोजमापात वेळ जायचा. आता आम्ही धावण्यावर भर देतो."

हे ऐकून माझी पेटी फुटायची बाकी राहिली. अरे, शंभर मीटरचा एकही विक्रम मोडलेला नाही, हे एकाच्याही ध्यानात येऊ नये? शंभरची शर्यत सरळ रेषेत होते, ती टेपनं मोजूनच आखतात. सरळ पळताना सगळे होते तसेच, आणि वळण आलं की सगळे वाघ! शेंबड्या पोराला कळलं असतं. पण आनंदाच्या बातमीला टेप कोण लावतो? वाईट बातमी आली की चौकशी समिती, आणि चांगली आली की फलक. भिंगरीनं विक्रम केला त्या दिवशी काकांनी टाळ्या वाजवल्या, आणि नंतर कोठीत येऊन माझ्या झाकणावर बराच वेळ नुसते बसून राहिले. मला त्यांचा राग आला होता, आणि कीवही.

मग आंतरविद्यापीठ स्पर्धा आली. दुसऱ्या गावी, दुसरं मैदान, चोख चारशे मीटरचा ट्रॅक. मी अर्थातच गेले नव्हते. तिथलं मला कळलं ते संचालकांच्या तोंडून, कारण परत आल्यावर ते सज्ज्यासमोर भिंगरीवर सगळ्यांदेखत ओरडत होते.

"दोन-नऊ धावणारी मुलगी दोन-सतरा धावते? सातवी येते? मजा मारायला गेली होतीस का तिथं?"

"तुम्हीच सांगितलंत, पहिला फेरा त्रेसष्ट सेकंदांत काढ. मी काढला. नेहमीसारखाच काढला. पण दुसऱ्या फेऱ्यात पायच उचलेनात. मला काय झालं मलाच कळत नाहीये."

कसं कळणार? आखूड फेऱ्याला त्रेसष्ट म्हणजे तिचा बेताचा वेग. खऱ्या फेऱ्याला त्रेसष्ट म्हणजे जीव तोडून पळणं. वर्षभर तिच्या पायांना आम्ही खोटं घड्याळ शिकवलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात ना? इथे पोरीला नाचता येत होतं हो, आणि अंगणच वाकडं होतं.

नऊच्या नऊ विक्रमवीर हात हलवत परत आले. आता समिती बसली. तिनं तीन बैठका घेतल्या, सज्ज्यावर चहा घेतला, आणि अहवाल दिला की खेळाडूंमध्ये मानसिक कणखरता नाही. मग एक व्याख्याते बोलावले गेले. त्यांनी सगळ्यांना मैदानावर उभं करून 'मी जिंकणारच' असं वीस वेळा ओरडायला लावलं. भिंगरीही ओरडली. ज्या रेषेवर उभी राहून ती ओरडत होती, तीच बारा मीटर खोटी होती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, वर संन्याशाकडूनच 'मी दोषी आहे' असं ओरडून घ्यायचं!

त्या संध्याकाळी भिंगरी कोठीच्या पायरीवर बूट काढत बसली होती. म्हणाली, "काका, मी उद्यापासून येणार नाही. शिबिराची खुली चाचणी दीड महिन्यावर आहे, पण दोन-सतरावाल्या मुलीनं जाऊन काय करायचं? बाबांना तरी मदत होईल."

काका मला पुसत होते. त्यांनी फडकं खाली टाकलं.

"पोरी, तुझं काहीएक चुकलेलं नाही. खुंटी मी हलवली."

"कसली खुंटी?"

"वळणाची. सज्जा बांधला तेव्हा. सहा मीटर आत घेतली."

ती हिशेब करत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे फेऱ्याला बारा. आठशेला चोवीस मीटर." आणि मग काकांकडे बघून म्हणाली, "काका, तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या."

काकांनी पडलेलं फडकं उचलून पुन्हा मला पुसायला घेतलं. ती बूट हातात घेऊन अनवाणीच निघून गेली.

दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आली, बरोबर परीक्षा विभागातून सरांना घेऊन. सरांच्या खांद्यावर जुनी टेप होती. काकांसह तिघांनी ओणवं होऊन पूर्ण फेरा मोजला. तीनशे अठ्ठ्याऐंशी. सर म्हणाले, "सज्जा पाडायची गरज नाही. आठशेची सुरुवात चोवीस मीटर मागे न्या आणि खऱ्या चारशेवर एक खूण करा. एक दिवसाचं काम आहे. पोरगी दीड महिन्यात तयार होते की नाही ते मी बघतो."

एक दिवसाचं काम! संचालकांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, माझ्या फक्कीसारखा. "नवी रेघ मारलीत तर जुनी खोटी ठरेल. मग प्रवेशद्वारावरच्या फलकाचं काय करायचं? कुलगुरूंचा लेखी आदेश आल्याशिवाय एक रेघ मारायची नाही." सरांनी अर्ज दिला. अर्जाची फाईल झाली. फाईल इंजिनियरकडे गेली, तिथून संचालकांकडे, तिथून पुन्हा इंजिनियरकडे. चाचणीला उरलेल्या सहा आठवड्यांचे पाच झाले. भिंगरी रोज सकाळी यायची, बाहेर रस्त्यावर धावायची, आणि जाताना विचारायची, "काका, आलं का काही?"

मग एका गुरुवारी दुपारी सज्ज्यावर पाहुणे बसले होते. कुलगुरू त्यांना मैदान दाखवत होते. आणि आमच्या काकांनी, ज्यांनी आयुष्यात साहेबासमोर मान वर केली नव्हती, पेटीत फक्की भरली, दांडा धरला आणि भर उन्हात मला ढकलत सगळ्यांसमोर मैदानात आणलं. मी जे कुईकुई सुरू केलं म्हणता! पाहुण्यांचं बोलणंच थांबलं. संचालक धावत आले. (त्यांना धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.) काका थांबले नाहीत. जुन्या रेषेपासून चोवीस मीटर मागे त्यांनी नवी रेघ मारली, जाड, ठसठशीत.

कुलगुरू वरून म्हणाले, "अहो, ही रेघ कसली?"

"आठशे मीटरची सुरुवात, साहेब. खरी."

"मग ती पुढची कसली?"

"ती खोटी. तीही मीच मारलीय."

काकांनी मग सगळं सांगितलं. खुंटी, इंजिनियर, संचालक, स्वीय सहायक, सगळं. कुलगुरूंचा चेहरा उतरला. "मला हे कुणी सांगितलं कसं नाही?"

"मी तुमच्या दारापर्यंत आलो होतो. आत यायला हवं होतं, आलो नाही. ते माझं चुकलं, साहेब. पण तुम्ही वर्षभर त्या सज्ज्यावर बसताय. खाली एकदा तरी उतरलात का?"

मला वाटलं, गेली काकांची नोकरी. आणि मला भंगारात टाकणार ते वेगळंच. पण कुलगुरू खरंच खाली उतरले. जुन्या रेषेपासून नव्या रेषेपर्यंत चालत गेले, पावलं मोजत. बत्तीस भरली. भिंगरी तिथेच उभी होती. त्यांनी तिला विचारलं, "एवढ्यानं किती फरक पडतो?"

"चार सेकंद. स्पर्धेत पहिल्या आणि पाचव्या मुलीत तेवढंही अंतर नव्हतं."

साहेबांनी एकदा वळून सज्ज्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "रेघ राहू द्या. आणि सरांना उद्यापासून सकाळी मैदानावर पाठवा." दोन वाक्यं! मित्रांनो, दोन वाक्यांचं काम होतं. त्यासाठी पोरीचं एक वर्ष गेलं, एक स्पर्धा गेली, आणि जिंकणारच-जिंकणारच ओरडून घसा बसला तो वेगळा.

पुढचे पाच आठवडे मी सांगत बसत नाही. सर पहिल्या फेऱ्याला ओरडायचे, "सहासष्ट! घाई करू नकोस!" आणि खऱ्या चारशेच्या खुणेवर स्टॉपवॉच धरून उभे राहायचे. काका रोज माझी रेघ ताजी करायचे. भिंगरी त्यांच्याशी पुन्हा बोलू लागली, पण पूर्वीसारखं नाही. ते तसंच राहील असं मला वाटतं.

चाचणी झाली. दोन मिनिटं अकरा पूर्णांक नऊ. एक दशांश सेकंदानं भिंगरी शिबिरात गेली! बातमी आली तेव्हा सर कोठीत शिरून दाराला पाठ लावून रडले. इस्त्रीवाले बाबा दुकान बंद करून मैदानावर आले आणि काकांना म्हणाले, "कुठे धावते ती, मला बघायचंय." आजवर आलेच नव्हते.

तुम्हाला वाटेल, संपली गोष्ट. छे! भिंगरी शिबिराला जायच्या आधी कार्यालयात गेली आणि म्हणाली, "माझी दोन-अकरा-नऊची वेळ नोंदवून घ्या." कारकुनानं वही पाहून सांगितलं, "हा विक्रम होत नाही. विक्रम दोन-नऊ-सातचा आहे."

"तो माझाच आहे!"

"हो ना. मग तो मोडायला हवा तुम्हाला."

बघा आता. आयुष्यातली सगळ्यात चांगली खरी वेळ घेऊन पोरगी आली, तर तिला तिच्याच खोट्या वेळेनं हरवलं. तिनं तिथल्या तिथे अर्ज लिहिला : 'माझा विक्रम आखूड ट्रॅकवर झाला आहे. माझं नाव फलकावरून काढून टाकावं.' ती स्वतः तो कुलगुरूंकडे घेऊन गेली. ते म्हणाले, "अगं, तो तुझा सन्मान आहे." ती म्हणाली, "साहेब, पावलं तुम्हीच मोजलीत ना?" त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सुतारानं येऊन पितळी पट्टी उचकटली. फक्त तिची. काकांनी विचारलं, "बाकीच्या आठ?" संचालक म्हणाले, "बाकीच्यांनी अर्ज केलेला नाही." फलकावर नऊचा आकडा खोडून आठ केला, आणि वरची प्रेरणादायी नेतृत्वाची ओळ तशीच ठेवली.

तेव्हा मित्रांनो, माझी तुम्हाला विनवणी आहे. उद्या तुमच्यातलं कुणी मोठ्या खुर्चीवर बसेल, कुणी सज्जा बांधेल. जरूर बांधा. पण तुमच्या नावानं कुणी विक्रम सांगत आलं, तर टाळी वाजवण्याआधी खाली उतरा आणि टेप मागा. कुणी रेघ मारणारा दाराशी येऊन घुटमळला, तर त्याला आत बोलवा. नाहीतर आमच्या प्रवेशद्वारावर येऊन बघा. शिबिराला गेली ती एकटी भिंगरी, आणि त्या फलकावर नाव नाही तेही एकट्या तिचंच.